क्रूझवर कार्ड बुडवण्याची सोपी पद्धत

क्रूझचं बुकिंग झालं ना? मग आधी पावतीचा फोटो काढा आणि जिथे जिथे टाकता येईल तिथे टाका. तुमचं आडनाव, जहाजाचं नाव, निघायची तारीख आणि बुकिंग क्रमांक, चारही गोष्टी ठसठशीत दिसल्या पाहिजेत. खाली ‘काउंटडाऊन सुरू’ असं लिहायला विसरू नका. नातेवाईक जळतील, मित्र अंगठे दाखवतील, आणि एखादा अनोळखी सद्गृहस्थ शांतपणे वही उघडून सगळं टिपून घेईल. त्याच्या धंद्यात मेहनतीला पर्याय नाही, तुम्ही ती थोडी कमी केलीत इतकंच.

काही दिवसांनी त्याचा फोन येईल. आवाज गोड असेल. तो जहाजाचं नाव सांगेल, तारीख सांगेल, तुमच्या केबिनचा प्रकारही सांगेल (बाल्कनीचा फोटो तुम्हीच टाकला होता). मग म्हणेल, “सर, तुमचं शेवटचं पेमेंट अडकलंय, संध्याकाळपर्यंत भरलं नाही तर बुकिंग रद्द होईल.” यातली मेख अशी की धमकी अर्धी खरी असते. क्रूझचे पूर्ण पैसे साधारण दोन ते चार महिने आधी भरावेच लागतात, आणि मुदत चुकली तर बुकिंग खरंच रद्द होऊ शकतं. त्यामुळे शंका घेऊ नका. ‘मी स्वतः कंपनीला फोन करतो’ असलं उद्धट उत्तर तर मुळीच देऊ नका, माणूस दुखावतो. आणि कंपनीला फोन करायची हुक्की आलीच, तर पावतीवरचा नंबर बघायचा नाही. गूगलवर शोधायचं आणि सगळ्यात वर जो दिसेल तो फिरवायचा. वरची जागा जाहिरातीची असते आणि ती पैसे देऊन कोणालाही मिळते, हे आठवण्याची ती वेळ नव्हे.

आता कार्ड कोणतं वापरायचं? एकच. वीजबिल, विमा, फोन, मुलांचे ऑनलाइन खेळ, क्रूझचं बुकिंग, बंदरावरच्या सहली, जहाजावरचा खर्च, सगळं एकाच कार्डावर. निष्ठा म्हणतात ती हीच. त्यातही डेबिट कार्ड असेल तर दुधात साखर. क्रेडिट कार्डावर चोरी झाली तर भांडण चालू असताना अडकलेले पैसे बँकेचे असतात. डेबिट कार्डावर तुमचे स्वतःचे जातात, आणि चौकशी संपेपर्यंत तुम्ही रिकाम्या खात्याकडे बघत बसता. शिवाय जहाजवाले खर्चाच्या हमीसाठी कार्डावर जी रक्कम अडवून ठेवतात, म्हणजे ‘होल्ड’, ती डेबिट कार्डाच्या बाबतीत खात्यातल्या खऱ्या पैशांवर बसते. खर्च करा न करा, ते पैसे तुमचे असून तुमचे नाहीत. तसं पाहिलं तर निवृत्तीचीच तालीम.

कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून फोनमध्ये ठेवा. मागचे तीन आकडे, म्हणजे सीव्हीव्ही, व्यवहार मंजूर झाल्यावर कुठल्याही दुकानदाराने साठवून ठेवायचे नाहीत, असा कार्ड उद्योगाचा नियम आहे. दुकानदाराला. तुम्हाला नव्हे. तेव्हा तुम्ही ते गॅलरीत सूर्यास्त आणि मांजर यांच्या मधोमध ठेवू शकता, आणि प्रवासाच्या ग्रुपवर ‘हे घे, यावर वायफायचं पॅकेज बुक कर’ म्हणून पुढेही ढकलू शकता.

निघायच्या आठवडाभर आधी एक क्षुल्लक मेसेज येईल. कुठल्या तरी न ऐकलेल्या नावाने अगदी चिल्लर रक्कम गेल्याचा. दुर्लक्ष करा. एवढ्याशा पैशांसाठी बँकेच्या संगीताची धून ऐकत कोण बसणार? चोर मोठा हात मारण्याआधी अशी छोटी रक्कम टाकून कार्ड जिवंत आहे का ते बघतात, पण ते त्यांचं ते बघतील. तुम्ही फक्त खिसा चाचपा. कार्ड आहे? मग चोरी झालीच नाही.

खिसा चाचपण्यावरची ही श्रद्धा मला फार हृद्य वाटते. कार्डाचा शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरून हिशोब करून ठरतो. हान्स पीटर लून या आयबीएममधल्या माणसाने त्या हिशोबाच्या पेटंटसाठी 1954 साली अर्ज केला आणि 1960 साली ते मिळालं. बिचाऱ्याचा उद्देश एवढाच, की नंबर लिहिताना आकडा चुकला तर कळावं. चोर पकडायचा त्यात विचारच नव्हता. सूत्र जगजाहीर आहे, त्यामुळे त्यात बसणारे नंबर संगणक ढिगाने तयार करतो आणि एकेक टोचून बघतो. म्हणजे तुमचं कार्ड पाकिटात, पाकीट खिशात, खिशावर तुमचा हात, आणि खरेदी भलत्याच गावात. तरी चाचपत राहा. हाताला चाळा हवाच.

समजा, घरच्यांनी फारच टोचलं आणि तुम्ही बँकेला कळवलंत. बँक तत्परतेने कार्ड बंद करेल आणि नवं कार्ड टपालाने पाठवेल, तुमच्या घरच्या पत्त्यावर. ते पोचेल तेव्हा घरी फक्त कुंड्या असतील. बँकेला ‘मी अमुक तारखेला निघतोय, त्याआधी मिळेल का, निदान ॲपमध्ये नवा नंबर दिसेल का’ असं विचारणं शिष्टाचारात बसत नाही. आणि क्रूझ कंपनीला नंबर बदलल्याचं सांगायचं काय कारण? तिच्या नोंदीत जुनं कार्ड सुखाने नांदतंय. जहाजावरचा खर्च त्यावरूनच वळता व्हायचा आहे. सहल रद्द झाली तर परतावाही त्याच मेलेल्या नंबराकडे निघेल आणि खात्याचा पत्ता शोधत काही दिवस भटकेल. भटकू दे, सुट्टी सगळ्यांना हवी.

जहाजावर चढलात की पहिली गोष्ट म्हणजे संकटात जीव वाचवण्याची कवायत. सात छोटे भोंगे, एक लांब भोंगा, आणि तुम्ही ठरलेल्या जागी. 13 जानेवारी 2012 रोजी ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळलं, 32 जणांचा जीव गेला. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती, कारण जुना नियम चोवीस तासांची सवलत देत होता. 1 जानेवारी 2015 पासून ती सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावी लागते. हे रास्तच झालं, त्यात थट्टेला जागा नाही. मला प्रश्न पडतो तो वेगळाच. जहाज सहसा बुडत नाही, तरी लाइफ जॅकेट कसं बांधायचं ते प्रत्येकाला दाखवतात. कार्ड कितीतरी जास्त वेळा बुडतं, आणि त्याची कवायत कोणीच घेत नाही. एक भोंगासुद्धा नाही. कार्ड बुडाल्यावर कुठे जमायचं, कोणाला हाक मारायची, दुसरी होडी कुठे बांधलीय, हे माणूस पाण्यात पडल्यावर विचारत फिरतो.

तुमची दुसरी होडी अर्थातच पहिल्या होडीला बांधलेली असू द्या. दोन कार्डं न्यायचीच असतील तर दोन्ही एकाच पाकिटात ठेवा. केबिनमध्ये तिजोरी असते खरी, पण तिच्यात कानातलं ठेवावं, कार्ड कसलं ठेवायचं? किंवा दुसरं कार्ड म्हणून पत्नीच्या नावाचं, त्याच खात्यावरचं जोडकार्ड न्या. मूळ खातं गोठलं की बरेचदा तेही सोबत गोठतं. सहजीवन.

चोराने मोठा हात मारायला मुहूर्त शोधला तर तो भर समुद्रातला असेल. बंदर मागे पडलंय, पुढचं दोन दिवसांनी. जहाजावर रोख चालत नाही. केबिनचं दार उघडणारं कार्डच दुकानात, बारमध्ये, सलूनमध्ये दाखवायचं आणि खर्च खात्यात चढतो. त्या खात्यामागे तुमचं बँकेचं कार्ड उभं असतं, आणि ते आता आडवं पडलेलं आहे. थोड्या वेळाने केबिनमध्ये अत्यंत अदबशीर चिठ्ठी येईल: कृपया गेस्ट सर्व्हिसेसला भेटावे. अशा चिठ्ठीला अदब जितकी जास्त तितका मजकूर वाईट.

बँकेला फोन करायचाय? नंबर कार्डाच्या पाठीवर छापलेला असतो. कार्डच चोरीला गेलं असेल तर तो चोराकडे आहे, म्हणजे तक्रार करण्याची सोय त्याची तुमच्यापेक्षा चांगली. तुम्ही पाठ केलेला टोल-फ्री नंबर देशाबाहेरून बहुधा लागत नाही. परदेशातून लावायचा नंबर वेगळा असतो, तो कागदावर लिहून तिजोरीत ठेवता आला असता, पण तिजोरीत कानातलं आहे.

तरी फोन लावाच. भर समुद्रात मोबाइलला जी रेंज दिसते ती जहाजाच्या उपग्रहावरची. बहुतेक रोमिंग पॅकमध्ये ती बसत नाही आणि तिचे मिनिटाचे दर ऐकले तर चोरी स्वस्त वाटते. बँक आधी ओळख पटवेल. “सर, तुमचे शेवटचे तीन व्यवहार सांगा.” हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे. माझे तीन, की त्याचे तीन? मग ओटीपी येईल. म्हणजे बँकेकडून निघेल. तुमचा फोन एअरप्लेन मोडवर, जहाजाच्या वायफायवर व्हॉट्सॲप धडाधड चालू, गावाकडून ‘शुभ सकाळ’ची फुलं बरोब्बर पोचतायत, पण साधा एसएमएस काही केल्या येत नाही. ओटीपी आपलं काही मिनिटांचं आयुष्य आकाशात कुठेतरी संपवतो. दुसरा मागवा. तोही जातो. तिसऱ्यानंतर बँकेला तुमचाच संशय येतो.

तिचंही बरोबर आहे म्हणा. बँकेचा संगणक सवयी ओळखतो. वर्षभर एकाच गल्लीत खर्च करणारा माणूस अचानक परदेशी नोंदणीच्या जहाजावर पैसे उडवतोय, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच देशात, हे त्याला पटत नाही. म्हणून तुमचा खरा व्यवहार अडतो, आणि चोराचा, जो कुठल्या तरी साध्यासुध्या ऑनलाइन दुकानातून अगदी तुमच्या शैलीत होतो, तो बिनबोभाट जातो. बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार चालू करण्याचं, मर्यादा ठरवण्याचं, कार्ड तात्पुरतं गोठवण्याचं बटण असतं. ते एका बोटाने दाबता येतं आणि त्याला फोन, संगीत, शेवटचे तीन व्यवहार यांपैकी काही लागत नाही. म्हणूनच ते ॲप निघण्यापूर्वी उडवून टाका. फोनमध्ये फोटोंना जागा लागते.

बंदरावर उतरलात की थोडं सैल व्हा. बँकेच्या आतलं एटीएम सोडून गल्लीच्या टोकाला एकटं उभं असलेलं यंत्र निवडा, पिन दाबताना हाताचा आडोसा करू नका, यंत्राला वाटेल आपल्यावर विश्वास नाही. दुकानदार कार्ड घेऊन पडद्याआड गेला तर जाऊ द्या. चिप प्रत्येक व्यवहाराला नवा संकेत तयार करते, तो चोरला तरी पुन्हा चालत नाही. काळी पट्टी मात्र दर वेळी तेच सांगते जे काल सांगितलं होतं. त्यामुळे पट्टी घासायचा आग्रह धरा. परंपरा टिकली पाहिजे. पैसे देताना यंत्र विचारेल, ‘इथल्या चलनात की तुमच्या?’ तुमच्या म्हणा. दर चढा लागतो, पण ही फसवणूक नाही हं, ही तुमच्या संमतीने होते आणि पावतीवर दर छापलेला असतो. न वाचता सही करण्यातला आनंद कायद्याने मान्य केलेला आहे.

शेवटची रात्र. खर्चाचा तपशील टीव्हीवर, ॲपमध्ये किंवा दाराखाली कागदावर मिळतो. तो आजच बघून, न घेतलेली गोष्ट आजच काउंटरवर खोडून घेणारे लोक रसहीन असतात. तुम्ही पहाटे जा, सगळे सामान घेऊन, जेव्हा रांग जिन्यापर्यंत आलेली असते आणि मागचा माणूस विमान चुकेल म्हणून तुमच्या मानेवर श्वास टाकत असतो.

घरी परतल्यावर मात्र जागे व्हा. स्टेटमेंट उघडा आणि डोळ्यांत तेल घालून वाचा. जहाजाने अडवलेली होल्डची रक्कम आणि प्रत्यक्ष कापलेली रक्कम काही दिवस शेजारी शेजारी दिसतात. होल्ड आपोआप गळून पडतो. पण तुम्ही आता पेटलेले आहात. चोराची चिल्लर ज्यांनी सोडून दिली, तेच तुम्ही आता पूर्णपणे खऱ्या व्यवहारावर ओरडाल: “दोनदा कापले! फ्रॉड!” फोन पहिल्या झटक्यात लागेल, कारण आता तुम्ही जमिनीवर आहात. ओटीपी टुणकन येईल. शेवटचे तीन व्यवहार तोंडपाठ असतील. बँक तत्परतेने कार्ड बंद करेल. कोणतं? कुंड्यांपाशी तुमची वाट बघत पडलेलं, कालच चालू केलेलं नवं.

त्यानंतरचं नवं कार्ड आठवड्याभरात येईल. रंग छान असेल, नंबर कोरा करकरीत. पाकीट उघडून ते खिडकीच्या उजेडात धरा. फोटो काढा, दोन्ही बाजूंनी.