मामांच्या ॲक्युप्रेशर चपला आणि तो फॉरवर्ड

रविवारी मामांकडे गेले, तर ते दारातच उभे होते. पायात नव्या चपला, आत सगळीकडे रबराचे टोकदार काटे आणि मधे लोहचुंबकाची गोल चकती. "साडेतीनशेला मिळाल्या. तुझ्या त्या डॉक्टरीणबाईंच्या महागड्या बुटांपेक्षा बऱ्या!" मामांचं वय 71, शुगर 19 वर्षांची. चपला कुणी सुचवल्या म्हणून विचारलं, तर त्यांनी फोनच पुढे केला. कॉलनीच्या ग्रुपवरचा फॉरवर्ड होता. खाली "जनहितार्थ" आणि जोडलेले तीन हात.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. मधुमेह असलेल्यांच्या तळव्यावर चालताना पडणारा दाब मशीनवर मोजायची टूम निघालीय, ती बूट विकायला. पाय दुखत नसेल तर पाय ठणठणीत समजा. रोज सकाळी तासभर अनवाणी चाला, जमलं तर खडीवर, म्हणजे झोपलेल्या नसा जाग्या होतात. घरात ॲक्युप्रेशरच्या चपला घाला. पायाचे घट्टे हे निसर्गाचं कवच आहे, ते काढू नका. रात्री कडकडीत गरम पाण्यात मीठ घालून पाय बुडवा. आणि शेवटी, आपले पणजोबा अनवाणीच चालत होते.

पणजोबांचं आधी उरकते. त्यांना शुगर होती का, आणि असली तर त्यांच्या पायांचं पुढे काय झालं, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नाही. मलाही नाही. पुढे.

"दुखत नाही म्हणजे ठणठणीत." या एका वाक्यापायी माझा संयम सुटला. गेल्या वर्षी मामांना तपासणीला मीच घेऊन गेले होते. डॉक्टरीणबाईंनी नायलॉनचा एक जाड धागा काढला. तो तळव्यावर टेकवून वाकेपर्यंत दाबला की बरोबर 10 ग्रॅमचा भार पडतो. मामांना डोळे मिटायला सांगितलं, लागलं की "हो" म्हणा म्हणाल्या. मामा गप्प. जरा वेळाने म्हणाले, "करा की सुरू." तोवर उजव्या पायाच्या चार जागा तपासून झाल्या होत्या.

त्याच्याही आधीची गोष्ट. बाजारातून आल्यावर मामांनी बूट काढला, तर आतून हरभऱ्याच्या डाळीचं पीठ पडलं. पिशवीतला एक दाणा सकाळी कधीतरी बुटात गेला होता आणि दिवसभर पायाखाली भरडला गेला. मामा हसले. मामी हसल्या नाहीत, कारण त्यांनी मोजा बघितला होता.

दुखणं हा पायाचा राखणदार आहे. शुगरने नसा बधिर झाल्या की तो रजेवर जातो आणि घर उघडं पडतं. हे पहिल्यांदा नीट ओळखलं ते मधुमेहात नव्हे, कुष्ठरोगात, आणि तेही आपल्याच देशात. पॉल ब्रँड हे सर्जन 1946 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्यांची बोटं रोगाने आपोआप झडतात अशी तेव्हाची समजूत होती. ब्रँड यांनी जखमांचा माग काढला, तेव्हा दिसलं की संवेदना गेलेल्या हातापायांना रोजच्या वापरातच इजा होते, ती कळत नाही, म्हणून माणूस तोच हात आणि तोच पाय वापरत राहतो. पुढे ते अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलला गेले आणि हाच विचार मधुमेहाच्या पायांना लावला गेला.

त्यांचं एक निरीक्षण मला फार पटतं. धडधाकट माणूस लांब चालला की नकळत चाल बदलतो, चवडा हुळहुळला की भार कडेला घेतो, नाहीतर सरळ लंगडतो. बधिर पायाचा माणूस पहिलं पाऊल टाकतो तसंच पाच हजारावं टाकतो, त्याच जागेवर, तेवढ्याच जोराने. जखम व्हायला खिळाच रुतायला हवा असं नाही. साधाच दाब एकाच जागी हजारो वेळा पडला तरी आतलं मांस आधी सुजतं, मग फुटतं. वरून दिसतं तेव्हा आत बरंच काही होऊन गेलेलं असतं.

शिवाय पायाचा घाटही बदलतो. पायातले छोटे स्नायू दुबळे होतात, बोटं आकडीसारखी वळतात, चवड्याखालची चरबीची गादी पुढे सरकते. मग हाड आणि जमीन यांच्यामध्ये उरते ती नुसती कातडी, आणि तीही घाम कमी झाल्याने कोरडी, भेगाळलेली. अशा पायाखाली खडी घाला म्हणे!

म्हणजे आता अनवाणी चालणं आणि चपला. भार तोच ठेवून टेकायची जागा कमी केली की दाब वाढतो, हे शाळेत शिकलोय आपण सगळे. विळीचं पातं भाजी कापतं आणि लाटणं कापत नाही, ते म्हणूनच. सपाट चपलेत मामांचं वजन अख्ख्या तळव्यावर पसरतं, या चपलेत ते काट्यांच्या टोकांवर येतं. "छान मुंग्या येतात" हे चपलेचं कौतुक मामांच्या तोंडून ऐकलं. अहो मामा, मुंग्या तुम्हाला चपलेच्या आधीपासूनच येताहेत, डॉक्टरांकडे आपण त्यासाठीच गेलो होतो ना? मेलेल्या नसा टोचून जाग्या होत नाहीत. होत असत्या, तर त्या हरभऱ्याने तेव्हाच केल्या असत्या.

मधुमेही पायावर काम करणारा एक आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगट आहे, इंटरनॅशनल वर्किंग ग्रुप ऑन द डायबेटिक फूट. त्यांची 2023 ची मार्गदर्शक तत्त्वं कुणालाही फुकट वाचता येतात. पायाची संवेदना गेलेल्यांना त्यात स्पष्ट सांगितलंय की अनवाणी चालू नका, नुसत्या मोज्यांवर चालू नका, पातळ तळाच्या सपातांवरही नको. घराबाहेर नको आणि घरातही नको. फॉरवर्डवाल्याने नेमकं उलट लिहिलंय. मला ठाऊक आहे, आपल्याकडे हे कठीण जातं. उंबऱ्याच्या आत चप्पल चालत नाही, देवळात तर नाहीच, आणि नवरात्रातले नऊ दिवस अनवाणी राहणारे आमच्याच घरात दोघे आहेत. घरात वापरायला वेगळी स्वच्छ चप्पल ठेवली तर मामींना चालते. देवळाची तापलेली फरशी दुपारी टाळून सकाळी जाता येतं. देवाची हरकत असल्याचं ऐकलेलं नाही.

घट्टे म्हणजे कवच? घट्टा हा दाबाची तक्रार असतो. तो वाढला की बुटातल्या खड्यासारखा स्वतःच दाब वाढवतो. जाणत्या माणसाकडून तो तासून घेतला की त्या जागेचा दाब साधारण पाव हिश्शाने उतरतो. मात्र घरी ब्लेड घेऊन बसू नका, आणि कुरूप काढायच्या औषधी पट्ट्याही लावू नका.

कडकडीत गरम पाणी. ज्या पायाला हरभरा कळला नाही त्याला पाण्याचा चटका कळेल का? पाणी 37 अंशांच्या आतच हवं. हाताचा कोपर बुडवून बघा, किंवा शुगर नसलेल्या माणसाला बघायला सांगा.

राहिलं ते मशीन. इथे फॉरवर्डवाल्याचं थोडं खरं आहे, आणि ते मान्य करताना माझ्या जिवावर येतंय. शुगर असलेल्या प्रत्येकाला दाब मोजायच्या मशीनवर उभं राहायची गरज नाही. ज्यांची संवेदना आणि रक्तपुरवठा चांगला आहे, त्यांना वर्षातून एकदा धाग्याने आणि हाताने केलेली पायाची तपासणी पुरते. अमुक दाबाच्या वर गेलं की जखम होणारच, असा एक पक्का आकडाही नाही. बहुतेक मशीन सरळ खाली पडणारा दाब मोजतात. पाऊल उचलताना कातडी एकीकडे आणि आतलं हाड दुसरीकडे ओढलं जातं, तो ताण त्यात येत नाही, आणि जखमेत त्याचाही वाटा असतो. शिवाय दुकानात फुकट स्कॅन करून लालपिवळं चित्र दाखवायचं आणि महागडं इनसोल गळ्यात मारायचं, हा धंदा चालतो. मीही पाहिलाय.

पण मोजण्याचा खरा उपयोग कशाला, ते फॉरवर्डमध्ये नाही. ज्याच्या तळव्याला एकदा जखम होऊन भरली आहे, त्याला ती पुन्हा होण्याची भीती सर्वांत जास्त. त्याच्यासाठी बूट बनवला तर त्याने दाब खरंच कमी होतो हे दाखवा, असं तो तज्ज्ञगट सांगतो. बुटाच्या आत सेन्सरची पातळ गादी घालून, माणसाला चालवून बघतात. दाब आधीपेक्षा किमान 30 टक्क्यांनी उतरावा किंवा 200 किलोपास्कलच्या खाली यावा. 200 किलोपास्कल म्हणजे करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर साधारण दोन किलोचा भार. तेव्हा बूट विकणाऱ्याला मोजमापाची भीती वाटायला हवी, गिऱ्हाइकाला नव्हे. मोजलं की त्याचा बूट कामाचा आहे की नुसताच महाग, ते उघडं पडतं.

आणि मशीनच हवं असंही नाही. शाईची हॅरिस मॅट असते. तिच्यावरून पाऊल टाकलं की कागदावर ठसा उमटतो आणि जिथे दाब जास्त तिथे तो गडद येतो. मामांच्या ठशात उजव्या अंगठ्याच्या बुडाशी रुपयाएवढा काळा डाग आला होता. डाळ भरडली गेली ती तिथेच. त्यावरून त्यांना मऊ एमसीआर, म्हणजे बारीक छिद्रांच्या रबराची, मागे पट्टा असलेली चप्पल दिली होती. वेल्लोरला कुष्ठरोग्यांसाठी वापरात आलेलं हेच रबर. दिसायला अगदीच सरकारी, म्हणून ती चप्पल कपाटात आणि काट्यांची पायात.

संध्याकाळी फॉरवर्ड टाकणाऱ्या काकांना फोन केला. तुमच्या पायाची तपासणी कधी झाली, असं विचारलं.

"माझी कशाला?" ते म्हणाले. "मला कुठे शुगर आहे!"