आमचा वेताळ पावसाने नेला
‘इंद्रजाल कॉमिक्सचे जुने अंक आज दिसत नाहीत, कारण घरोघरच्या आयांनी ते रद्दीत घातले,’ हे त्या चित्रकथांवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य आम्हा कोकणातल्यांना लागू नाही हो! देवगडजवळच्या आमच्या वाडीत रद्दीवाला फिरकायचाच नाही. आणि आई कागद टाकणाऱ्यांतली नव्हेच. वेताळाचा, म्हणजे मुखवटेवाल्या फँटमचा, अंक असो की जुनं पंचांग, सगळं चुलीवरच्या माळ्यावर जायचं, धुरामुळे कीड लागत नाही म्हणून. खरा वैरी पाऊस. कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास कोसळणारा. आषाढ सरेपर्यंत मधल्या पिनांना गंज चढायचा, त्याचा तांबूस डाग पानापानांतून पार पलीकडे उतरायचा. मुखपृष्ठं एकमेकांना अशी चिकटायची की सोडवायला गेलं तर वेताळाचा अर्धा मुखवटा जादूगार मँड्रेकच्या टोपीवर! उरलंसुरलं कसरीने खाल्लं.

अंक यायचे तेही चाकरमान्यांच्या पिशवीतून, मे महिन्यात नाहीतर गणपतीला. त्यामुळे दोन भागांच्या गोष्टीचा शेवट आधी आणि सुरुवात पुढच्या वर्षी, असं कितीदा झालं. १९९० मध्ये प्रकाशन थांबलं, हे आम्हाला कळलं मुंबईचे काका रिकाम्या हाताने आले तेव्हा.

एक तक्रार मात्र आहे. इंद्रजालमधल्याच आपल्या देशी नायकाला, आबिद सुरतींनी लिहिलेल्या बहादूरला, तुम्ही एका ओळीत उरकलंत. ना मुखवटा, ना जादू. भगवा कुर्ता, जीन्स आणि बाप दरोडेखोर. आम्हा पोरांत वेताळ व्हायला कुणीही तयार असे, भांडणं व्हायची ती बहादूर कोण होणार यावरून.