लिची, गुलाब आणि ‘फँटसी’: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. (माझ्या वडिलांच्या वयाचे आहात असं तुम्हीच लिहिलंत, म्हणून काका म्हणते.)

अमेरिकी गायिका ब्रिटनी स्पिअर्सच्या नावानं निघालेल्या ‘फँटसी’ या अत्तरावरचा माझा लेख तुम्हाला खटकला. चाळीस वर्षं हिना आणि खसाचं अत्तर लावणाऱ्या माणसाला हे वाचवत नाही, बाटलीत लिचीचा थेंब नाही, नुसती रसायनं आहेत, आणि गायिकेला सुगंधातलं काय कळतं, असं तुमचं म्हणणं.

आधी माझी चूक. ‘उष्ण प्रदेशातली फळं’ म्हणून मी लिची आणि किवी एका दमात लिहून मोकळी झाले. किवीच्या वेलीला हिवाळ्याची थंडी लागते. लेखात दुरुस्ती केली आहे.

लिचीचा थेंब नाही, हेही खरं. पण तो कुणाच्याच बाटलीत नसतो, काका. संत्र्या-लिंबाच्या सालीतून तेल निघतं. लिची, पेरू, अननस यांचा गर भट्टीवर चढवला तर हाती येतो तो शिजलेल्या फळाचा वास. त्यामुळे रसाळ फळाचा ताजा वास जुळवूनच आणावा लागतो. गेर्लां या फ्रेंच अत्तर कंपनीच्या ‘मित्सुको’मध्ये १९१९ साली पीचचा वास आला तो प्रयोगशाळेतूनच, आणि त्याला आजवर कुणी नकली म्हटलेलं मी ऐकलं नाही.

लिचीच्या वासात रोझ ऑक्साइड नावाचा रेणू असतो. तोच गुलाबातही असतो. मागच्या आठवड्यात बाजारातून लिची आणली, एक सोलली, आणि साल फाटता क्षणी डोळे मिटून वास घेतला. आधी गुलाब आला, मग आंबूस गोडवा. ‘फँटसी’ कागदाच्या पट्टीवर फवारली की पहिली पाच-सात मिनिटं हीच जागा येते. लिचीतून फुलांकडे जाताना सांधा कळत नाही, कारण तो दुवा फळातच आहे. पुढे जाईजुईच्या जातीचं फूल येतं, पण स्वच्छ धुतलेलं. रात्रभर केसांत राहिलेल्या मोगऱ्याच्या गजऱ्याला सकाळी जो जड, किंचित कुजका वास येतो, तो इथे नाही. मला तो हवा होता, आणि तसं मी लिहिलंही होतं. मग केक आणि पांढरं चॉकलेट, आणि तळाशी कस्तुरी, ओरिसचं (म्हणजे आयरिस या फुलझाडाचं) मूळ, थोडं लाकूड. लाकूड पातळ आहे. खरं ओरिस त्या किमतीत परवडणारच नाही, तिथे तुमची शंका रास्त आहे. आणि जूनच्या दमट हवेत हा गोडवा अंगावर येतो. लोकलच्या डब्यात मी तो लावणार नाही.

आता गायिकेचं. २००५ साली एलिझाबेथ आर्डेन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीनं हे अत्तर बाजारात आणलं आणि ते जुळवलं जेम्स क्रिव्हदा या परफ्यूमरनं, म्हणजे अत्तर रचणाऱ्या कारागिरानं. नाव ब्रिटनीचं, नाक त्यांचं. हाच रिवाज हॉलिवूडची नटी एलिझाबेथ टेलरच्या १९९१ च्या ‘व्हाइट डायमंड्स’चा, ते कार्लोस बेनाइम यांचं. नावाच्या जोरावर माल खपतो, याचा तुमच्याइतकाच मलाही राग आहे. पण त्या रागापायी जुळवणाऱ्याचं काम न हुंगताच मोडीत काढणं मला पटत नाही. म्हणून मी बाटली स्वतःच्या पैशानं घेते, महिनाभर लावते आणि मगच लिहिते.

‘नैसर्गिक ते शुद्ध’ हा कौल तर अत्तरांनाही सरसकट लावता येत नाही. उत्तर प्रदेशातल्या कनौजच्या भट्टीत डेगमध्ये, म्हणजे तांब्याच्या मोठ्या हंड्यात, फुलं शिजतात आणि वाफ भपक्यातल्या (वाफ गोळा करणाऱ्या भांड्यातल्या) चंदनाच्या तेलात उतरते, ही खरी रीत. पण चंदन महागलं तशी त्या तेलाच्या जागी कित्येक ठिकाणी लिक्विड पॅराफिन, म्हणजे खनिज तेलापासून केलेलं बिनवासाचं तेल, आलं. तुमच्या हिनाची कुपी कुठल्या तेलात उतरली आहे, हे दुकानदाराला एकदा विचाराच.

हिनावर सविस्तर लिहा, ही तुमची सूचना मनापासून घेतली आहे. तोवर एक करा. लिचीचा हंगाम संपायच्या आत चार दाणे आणा, घरातली गुलाबपाण्याची बाटली शेजारी उघडी ठेवा आणि आलटून पालटून हुंगा. काय वाटलं ते इथेच लिहा, मी वाट बघते.