डायलिसिसला जाताना भीड सोबत न्या

आठवड्यातून तीनदा, चार-चार तास त्याच खाटेवर पडायचं, तर तिथल्या माणसांशी गोडीगुलाबीनं राहायला हवं. म्हणून पहिलं पथ्य: काही विचारायचं नाही.

नवीन सिस्टर बीपीचा पट्टा घेऊन आली, "काका, हात द्या" म्हणाली, की फिस्चुलाचाच, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायचाच हात पुढे करा. धमनी आणि शीर जोडून, दीड-दोन महिने चेंडू दाबून तो हात तयार केला, त्यावर बोटं ठेवली की मांजराच्या गुरगुरण्यासारखी थरथर लागते, ही कहाणी तिला कशाला? उद्या थरथर थांबलीच, तर मानेत कॅथेटरची नळी टाकतातच की! मग हुडहुडी भरली तर ब्लँकेट मागा. कॅथेटरचं नाव काढू नका. जंतू रक्तात गेलेत का, ही चौकशी घरंदाज माणसाला शोभत नाही.

धुऊन पुन्हा वापरायच्या डायलायझरवर, म्हणजे रक्त गाळणाऱ्या नळकांड्यावर, नाव लिहिलेलं असतं, ते वाचू नका. 'पाटील' दिसलं ना, पुरे. वॉर्डात पाटील तिघे आहेत, पण सगळे आपलेच. तसंच हिपॅटायटिस बीच्या पेशंटला वेगळं मशीन कशाला? मशीननं सोवळंओवळं का पाळावं?

आरओचं पाणी शेवटचं कधी तपासलं, हेही विचारू नका. एका बैठकीत साधारण 120 लिटर पाणी जाळीपलीकडून तुमच्या रक्ताशेजारून वाहतं, एवढंच. ब्राझीलच्या कारुआरू गावात 1996 साली टँकरनं आणलेलं, नीट शुद्ध न केलेलं पाणी डायलिसिसला वापरलं गेलं. त्यात शेवाळाचं विष होतं आणि 50 हून अधिक पेशंट दगावले. पण ते ब्राझील. आपल्याकडे टँकर कुठे असतात?

पाय वळले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी "बरं आहे" म्हणा. गुडघा दुखला तर मेडिकलवाल्याकडून डायक्लोफेनॅक घ्या, पण किडनीचा विषय काढू नका. बिचारा देताना कचरेल. भेटायला आलेल्या मावशींनी शहाळं आणलं तर नाही म्हणू नका. पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकतं, पण मावशी रुसल्या तर वर्षभर बोलत नाहीत.

आणि सोमवारी काट्यावर अंगात साठलेल्या पाण्याचे चार किलो जास्त भरले, तर खिशातला मोबाइल काढा, चपला काढा आणि पुन्हा उभे राहा.