तक्रारी निरंक

कट्ट्यावर रविवारी क्रिकेट सोडून दुसरा विषय निघाला की समजायचं, सीएस, म्हणजे आमचा कंपनी सेक्रेटरी दोस्त, आलाय. हा गडी शेअर बाजारात लिस्टेड असलेल्या कंपन्यांचे बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि कामगारांबाबतच्या जबाबदारीचे अहवाल, भरून देतो. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं 2021 मध्ये हा अहवालाचा नमुना आणला आणि 2022-23 पासून बाजारमूल्यानं पहिल्या 1000 कंपन्यांना सक्तीचा केला. धुरापासून प्रसूती रजेपर्यंत सगळं त्यात येतं.

"एका क्लायंटचं यंदा एकदम क्लीन आलंय," तो म्हणाला. "बालमजुरी, वेठबिगारी, वेतन, सगळीकडं तक्रारी निरंक."

"तक्रार करायची कुणाकडं?" बीडकरनं विचारलं. त्याचे आईवडील ऊसतोडीला जायचे. "आमच्या आईला कारखान्याचा एचआर कोण ते माहीत नव्हतं. तिला टोळी नेणारा मुकादम माहीत."

सीएसचं म्हणणं, साखर कारखान्यांचा इथं संबंध काय? निम्मे सहकारी, आणि बाकीचेही बहुतेक लिस्टेड नाहीत. यावर अण्णा उखडला. "मग ती साखर जाते कुठं? मार्च 2024 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं छापलं होतं की कोक-पेप्सीला महाराष्ट्रातल्या उसाची साखर जाते, आणि त्याच उसाच्या फडातल्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातायत. तुझ्या फॉर्मात हे कुठं बसतं?"

बसतं, पण कडेला. पुरवठादारांकडं कामगारांची स्थिती तपासली का, हा प्रश्न नमुन्यात आहे, पण ऐच्छिक भागात. पहिल्या 250 कंपन्यांनी 2024-25 पासून पुरवठा साखळीची माहिती द्यायची होती. तेही पुढं ढकललं आणि ऐच्छिक केलं. हे सीएसनंच सांगितलं, जरा खाली बघून.

मग बीडकर सुरू झाला, आणि तो सुरू झाला की मध्ये कुणी बोलत नाही. कारखाना तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी करार करतो, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्याला देतो. तो मुकादमाला, मुकादम कोयत्याला. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक! एकटा आला तर अर्धा कोयता. खाडा झाला की दंड, तो उचलीत चढतो. आजारपणाचा खाडाही खाडाच. पाळीचा त्रास, पोटातलं दुखणं अंगावर काढायचं, आणि शेवटी कुणीतरी सांगतं पिशवी काढून टाक, कटकट मिटेल. 2019 मध्ये सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात 82,309 महिलांची पाहणी झाली, त्यातल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली.

"हे सगळं खरं," सीएस म्हणाला, "पण कारखान्याच्या मस्टरवर, हजेरीपटावर, ती माणसं नाहीतच. मी आकडा आणू कुठून? ऑडिटर सही करेल का?"

"वजनकाट्यावरून आण की." बीडकर हसला. "बैलगाडी काट्यावर आली की पावती निघते. कुठल्या ठेकेदाराचा ऊस, किती टन, सगळं नोंदवतात. त्यावरच तोडणीचं बिल निघतं. ऊस किलोपर्यंत मोजता, तोडणारे किती ते मोजता येत नाही?"

सीएस तसा कच्चा माणूस नाही. कायम कामगार किती, कंत्राटी किती, पुरुषांचा मध्यम पगार किती आणि बायकांचा किती, हे आज कुठल्याही मोठ्या कंपनीचं घरबसल्या वाचता येतं, पूर्वी युनियनला भांडूनही मिळत नव्हतं, हा त्याचा मुद्दा मला पटतो. पण तो मस्टरच्या आतल्यांपुरताच. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचे दर 34 टक्क्यांनी वाढले, ते संपामुळं. अहवालातल्या कुठल्या रकान्यामुळं नव्हे.

"बरं, मग रकाना काय टाकायचा, सांग," सीएस शेवटी वैतागून म्हणाला.

बीडकरनं बोटं मोजली. हंगाम संपताना अंगावर राहिलेली उचल किती. खाड्याचा दंड कुणी कापला. मजुरांच्या तळावर संडास किती.

"आणि तक्रारींचा?"

"तो ठेव. फक्त निरंक लिहिलं तर खाली विचार, तक्रार घ्यायला फडात कोण गेलं होतं."

अण्णानं पुढच्या चहाचे पैसे सीएसच्या नावावर टाकले.