किल्ली कुठाय ओ?

आमच्या घरात चोर शिरलाच तर त्याला परत बाहेर पडता येणार नाही, अशी व्यवस्था आमच्या ह्यांनी करून ठेवलीय. बेळगावच्या वडगावातलं जुनं घर, पुढं सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर, आणि मागं परसात उघडणारं दार. पुढच्या दाराला बाहेरून लोखंडी गेट, त्याला कुलूप. आत लाकडी दार, त्याला आल्ड्रॉप, त्यातपण कुलूप, वर कडी, खाली बोल्ट, आणि मधोमध ते आतूनपण किल्लीनंच उघडणारं लॅच, जे ह्यांनी खडेबाजारातून घासाघीस करून आणलं आणि दुकानदारानं "काका, घरात सोनंबिनं भरलंय काय ओ?" म्हणून विचारलं, त्याचा ह्यांना आजपण अभिमान. मागच्या दाराला आडणा आणि आडण्याला टेकून पाण्यानं भरलेलं ड्रम. एवढं झालं की सोप्यात दाराला आडवी स्कूटर लावायची, कारण बाहेर ठेवली तर चोर नेतोय. ती स्कूटर दुपारी सुरू करायची म्हटली तर सकाळपासून मनधरणी करावी लागते, चोर बिचारा ढकलत कुठवर नेणार, पण सांगणार कोण.

आणि ह्या सगळ्या किल्ल्यांचा जुडगा ह्यांच्या उशीखाली. वळीव पाऊस पत्र्यावर धाडधाड वाजतोय, लाईट जाऊन इन्व्हर्टर ओरडतोय, तरी ह्यांची कूस बदलत नाही. म्हणजे चोर आला तर उठणार मी आणि किल्ली ह्यांच्या मानंखाली.

मे महिन्यात पुण्याहून नातवंडं राहायला आली. थोरली चौथीत, धाकटा साडेतीन वर्षांचा. मुलगा-सून पोचवायला आले आणि पहाटेच्या गाडीनं परत निघाले, म्हणजे निघायला बघत होते. सुनबाई बॅग घेऊन सोप्यात उभ्या, हे लाईट न लावता जुडग्यातली एकेक किल्ली चाचपतायत, मुलगा स्कूटर मागं घेतोय, स्कूटरचं हँडल लॉक, त्याची किल्ली परत वेगळी. सुनबाई शांतपणे म्हणाल्या, "बाबा, रात्री आग लागली तर?"

"आग कशाला लागंल?" हे म्हणाले.

चोर येणार हे ह्यांना नक्की माहीत, आग येणार नाही हेपण नक्की माहीत. आता ह्या दोघांनी ह्यांना आधी कळवलंय की काय कुणास ठाऊक.

सुनबाईंच्या ऑफिसात दरवर्षी आगीचं ट्रेनिंग असतंय, त्यामुळं गाडी चुकेल ह्याची फिकीर न करता तिनं तिथंच सोप्यात क्लास घेतला. झोपेत धुराच्या वासानं जाग येईल ह्या भरवशावर राहू नका, झोपल्यावर नाकपण झोपतंय. धूर वर चढतोय, चांगली हवा खाली जमिनीलगत राहते, म्हणून उभं राहून पळायचं नाही, रांगत जायचं. झोपायच्या खोलीचं दार लावून झोपलं तर धूर-आग आत यायला वेळ लागतोय. बारकी पोरं अलार्म वाजला तरी गाढ झोपलेली असतात, मोठ्यांनी जाऊन उठवावं लागतंय, तेव्हा कुणी कुणाला उचलायचं ते आजच ठरवा. आणि बाहेर पडायच्या दाराला आतून किल्ली लागता कामा नये. शेवटचं वाक्य ऐकून हे असे बसले, जसं काय कुणीतरी जमीनच नावावर करून मागितली.

बरं, लॅच बदललं. आतून नुसती मूठ फिरवली की उघडणारं बसवलं. आल्ड्रॉपमधलं कुलूप काढलं, स्कूटर परसात गेली, ड्रम हललं. राहिलं बाहेरचं लोखंडी गेट. त्याला कुलूप पाहिजेच, ह्यावर हे हटून बसले, आणि मलापण पटत होतं, मागच्या गल्लीत लग्नाला गेलेल्यांचं घर फोडलंच होतं की. मग ठरलं की गेटची किल्ली दाराजवळ खिळ्याला लटकवायची. पण कुठं? थोरलीचा हात पोचला पाहिजे. धाकट्याचा पोचता कामा नये. अंधारात मला चाचपून सापडली पाहिजे. आणि सोप्याच्या खिडकीतून चोरानं काठी घातली तर त्याला काढता येऊ नये, कारण आमच्याकडं उन्हाळ्यात उघड्या खिडकीतून काठीनं खुंटीवरची पॅन्ट ओढून खिसे मोकळे करणारे कलाकार होऊन गेलेत. हे टेप घेऊन भिंत मोजायला लागले. थोरलीला उभं करून हात वर करायला लावला, पेन्सिलीनं खूण. धाकट्याला स्टुलावर चढवून हात वर करायला लावला, परत खूण. हा स्टुलावर चढतोय हे त्याला आजवर माहीत नव्हतं, ते ह्यांनी शिकवलं.

खिळा मारला आणि मग ह्यांना टेस्टिंगची हुक्की आली. रात्री जेवणं झाल्यावर आंबे काढायची आकडी घेतली, बनियन-लुंगीवर बाहेर गेले, आणि खिडकीतून आकडी आत घालून किल्ली ओढायला लागले. आत थोरली टॉर्च धरून, "आज्जा, अजून डावीकडं, अजून थोडं," अशी चोराला मदत करायलीय. किल्ली हलली पण निघाली नाही, हे जाम खूश. तेवढ्यात समोरच्या घरातून, "कोण हाय रे तितं?" आणि दारं उघडल्याचा आवाज. पोरं काठ्या घेऊन आली की ओ. हे आकडी टाकून "मी हाय, मी हाय, माझंच घर हाय," म्हणायला लागले, तर एकजण म्हणाला, सगळे असंच म्हणत्यात. बाहेर जाऊन ओळख पटवावी म्हणून मी निघाले, तर गेटला कुलूप आणि किल्ली खिळ्याला, आणि माझी उंची थोरलीपेक्षा फार काही जास्त नाही हे कुणी मोजलंच नव्हतं. चाचपत काढली शेवटी. तोवर ह्यांना भिंतीला टेकवून ठेवलेलं.

झोपायच्या खोलीच्या खिडकीचं ग्रिल मात्र उद्यमबागेतल्या फॅब्रिकेशनवाल्यानं बघितलं आणि डोकं खाजवत म्हणाला, "अजून घट्ट करायचं काय?" नाही म्हटलं, उघडायचं करायचंय. त्याला वाटलं म्हातारीला ऊन लागलं. त्याच्याकडं जन्मात कुणी ग्रिल उघडायला आलं नव्हतं. पण माणूस गुणी, एका ग्रिलला बिजागऱ्या लावून आतून खटक्यावर उघडणारी झडप करून दिली, आणि खटका पत्र्यानं असा झाकला की बाहेरनं बोट जात नाही. वर हे विचारतायत, "ह्याला कुलूप कुठं लावायचं?" तो माझ्याकडं बघायला लागला आणि मी त्याला चहा आणायला आत गेले.

मग ह्यांनी उलटा मोर्चा माझ्याकडं वळवला. देवापुढचा दिवा रात्रभर कशाला? मच्छरदाणीला चिकटून कॉइल कशाला? मी म्हटलं होय की, बरोबर आहे, देवपण झोपतोय रात्री. दिवा आता शेजारतीला निवतोय, कॉइल गेली. गॅसचा रेग्युलेटर मी आधीपासूनच झोपताना बंद करते, ते मात्र ह्यांना ठाऊक नव्हतं, इतक्या वर्षांत कधी स्वयंपाकघरात शेवटी आले असतील तर ना. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर वर न जाता जमिनीवर पसरतोय, म्हणून वास आला तर बटण लावायचं नाही, काढायचंपण नाही, आधी दारं उघडायची आणि बाहेर जाऊन 1906 ला फोन करायचा. हे थोरलीनं पाठ करून ह्यांना म्हणायला लावलं. आगीला 101 किंवा 112. त्यावर पत्ता सांगायची तालीम झाली. पुण्याची पोरगी ती, विंग-फ्लॅट नंबर सांगायची सवय, हिथं "गल्लीच्या तोंडाला देऊळ, त्याच्यापुढं पिठाची गिरण, गिरणीसमोर निळं गेट" असं सांगायचं आणि गल्लीत दोन्हीकडं लावलेल्या गाड्यांतून बंब आत कसा येणार हे विचारायचं नाही.

मुलानं पुण्याहून धुराचा अलार्म पाठवला, बॅटरीवरचा, छताला चिकटवायचा. नेमका त्या आठवड्यात माझ्या वर्षाच्या तिखटाचा मुहूर्त. ब्याडगी मिरच्या, धणे, खोबरं भाजायला काढलं आणि सोप्यातला तो डबा असा किंचाळायला लागला की धाकटा कानावर हात ठेवून रडायला लागला, समोरची पोरं परत आली, ह्या वेळी पाण्याच्या बादल्या घेऊन, आणि खोकत खोकत परत गेली. सगळी पळापळ चालली होती आणि हे आतल्या खोलीत दुपारची झोप काढायलेत! शांत! थोरलीनं वहीत लिहून ठेवलं, "आज्जा अलार्मनं उठत नाहीत, त्यांना मी उठवायचं."

तिची ड्रिल रोज. कधी घेणार ते सांगायची नाही. शिट्टी वाजली की हातातलं टाकून खाली रांगत दाराकडं निघायचं, मी धाकट्याला घ्यायचं, तिनं किल्ली घ्यायची, देवळाच्या कट्ट्यावर जमायचं, आणि काहीही आणायला परत आत जायचं नाही. आमची गुडघ्याची ऑपरेशनं डॉक्टर पुढं ढकलतायत आणि ही आम्हाला रांगायला लावते. शेवटी आम्हा दोघांना वाकून चालायची सवलत मिळाली. हे दर वेळी कट्ट्यावर सगळ्यांत शेवटी यायचे, आणि काखेत पासबुकांचा पत्र्याचा डबा. "तुम्ही जळालात," असं ती जाहीर करायची. कट्ट्यावरची म्हातारी मंडळी त्यासाठी मुद्दाम थांबायला लागली.

धाकट्याचं काय झालं म्हणाल तर तो नवीन लॅचची मूठ फिरवायला शिकला. स्टूल होतंच. एका पहाटे हा सोप्याच्या दारात उभा, दार सताड उघडं, गेटच्या गजातून दूधवाल्याशी गप्पा मारतोय. म्हणून गेटचं कुलूप राहू द्या हे ह्यांचं म्हणणं खरं ठरलं, आणि ते त्यांनी मला दिवसभर ऐकवलं. आता लाकडी दाराला वर एक पितळी घंटा बांधलीय, दार हललं की वाजते. त्या आवाजानं मी उठते, थोरली उठते, समोरची पोरं उठतात.

पोरं पुण्याला गेली आणि दोनच दिवसांत सुनबाईंचा फोन. थोरलीनं वही घेऊन त्यांच्या फ्लॅटची तपासणी केलेली. सेफ्टी डोअरची किल्ली पर्समध्ये, पर्स बेडरूमच्या कपाटात. बाल्कनीला वरपासून खालपर्यंत ग्रिल, उघडणारी झडप नाही. जिन्यात शेजाऱ्यांच्या सायकली आणि चपलांचं कपाट, आणि चार वर्षं जुना ए-फोर कागद, "जिना मोकळा ठेवा." पोरीनं खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, नापास.

"आई," सुनबाई हळूच म्हणाल्या, "तो तुमचा उद्यमबागचा माणूस पुण्याला येईल काय हो?"

मी फोन ह्यांच्याकडं दिला. हे जरा वेळ ऐकून घेतले आणि घसा साफ करून म्हणाले, "येईल की. पण आधी मला सांग, सूनबाई, आग कशाला लागंल?"