माझी पँट विलगीकरणात आहे

कोरोनाचं दुसरं वर्ष, २०२१. काल दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी माझ्या पँटला ७२ तासांसाठी विलगीकरणात ठेवण्यात आलं. मला नाही. मी मॉलभर हिंडलो, खोकलोसुद्धा (ठसका लागला होता, पण ते कुणाला सांगणार), आणि कुणी काही बोललं नाही. पँट मात्र आत आहे.

पँट नवीन आहे. गेल्या आठवड्यात त्याच मॉलमधून घेतलेली. घालून बघता आली नाही, कारण ट्रायल रूमच्या दाराला पिवळ्या-काळ्या पट्ट्या मारलेल्या होत्या; आत खून झाल्यासारख्या. मग गेली बारा वर्षं सांगतोय तोच आकडा सांगितला, चौतीस, आणि घेऊन आलो. घरी आल्यावर गुडघ्यापर्यंत आमचं छान जमलं. पुढे पँट ऐकेना. मी म्हटलं, हल्ली कंपन्यांची मापं बदललीत. बायको म्हणाली, "कंपन्यांची नाही." दीड वर्ष घरून काम म्हणजे दीड वर्ष नाडीची विजार, आणि नाडी कधीच कुणाला तोंडावर खरं बोलत नाही.

तर बदलून आणायला गेलो. दारातल्या रक्षकाने कपाळावर पिस्तूल रोखलं.

"तेहेतीस पॉइंट चार. जा काका."

आता मला थोडंफार कळतं. माणसाचं तापमान ३७ च्या आसपास असायला हवं. ३५ च्या खाली गेलं की डॉक्टर लोक पांघरुणं आणा, सलाइन लावा अशी धावपळ सुरू करतात. मी हे त्याला सांगितलं.

"ताप आहे का?" त्याने विचारलं.

"नाही. उलट..."

"मग जा की."

त्याचं काही चुकलं नाही म्हणा. ते यंत्र कातडीची उष्णता मोजतं, आतल्या माणसाची नाही. मी गार गाडीतून उतरलेलो. माझ्या मागचा पोरगा उन्हातून चालत आलेला, त्याचे भरले ३७.९. त्याला सांगितलं, "तिकडे सावलीत पाच मिनिटं थांब, गार होऊन ये." म्हणजे त्या दारातून मेलेला माणूस सगळ्यात आधी आत जाईल.

मग सॅनिटायझर. पायाने दाबायचा खांब, हाताच्या ऐवजी शर्टावर उडाला. मग त्या स्वच्छ हातांनी रजिस्टर. टेबलाला दोरीने बांधलेलं एकच पेन, सकाळपासून साऱ्या गावाच्या हातातून फिरलेलं. रकाने होते: नाव, मोबाइल, वेळ, तापमान, सही. पानाच्या वर कुणीतरी ३६.५ लिहिलं होतं आणि त्याखाली पान संपेपर्यंत सगळ्यांनी 'वरीलप्रमाणे'च्या दोन-दोन रेघा मारल्या होत्या. ओळीने पंचवीस माणसं एकाच तापमानाची. मी इमानदारीने ३३.४ लिहिले. मागून आवाज आला, "ओ, किती वेळ?"

बाकी पाहुण्यांचे मोबाइल नंबर मात्र स्वच्छ, वळणदार अक्षरात, कुणालाही वाचता येतील असे. 'तुम्ही आलात त्या तासाला एक रुग्ण येऊन गेला, काळजी घ्या' असं सांगणारा फोन मला कुठल्याही रजिस्टरवरून आजतागायत आलेला नाही. कर्ज हवंय का विचारणारे सात आले. दोन्हींचा संबंध आहे असं मी शपथेवर सांगणार नाही, पण मी कर्जाच्या दुकानात कधी नाव लिहिलेलं नाही.

आत गेलो तर जमिनीवर बाण. इकडून जा, इकडून येऊ नका, पावलांच्या चित्रांवर उभे राहा. मला त्या बिचाऱ्या ग्रुएनची आठवण झाली. व्हिक्टर ग्रुएन, मूळचा व्हिएन्नाचा वास्तुरचनाकार. १९३८ मध्ये नाझींमुळे अमेरिकेत पळून गेला आणि १९५६ मध्ये मिनेसोटात त्याने साउथडेल नावाचं, चारी बाजूंनी बंद, आतली हवा थंड-गरम करता येणारं पहिलं मॉल उभारलं. त्याच्या मनात होतं की लोकांनी आत यावं, रेंगाळावं, बसावं, व्हिएन्नातल्या चौकात बसतात तसं. पुढे दुकानदारांनी रेंगाळण्यातला पैसा तेवढा ओळखला, आणि म्हातारपणी ग्रुएनने या मॉलांचं बापपण घ्यायला चक्क नकार दिला. तरीही माणूस आत शिरल्यावर काय घ्यायला आलो होतो हे विसरतो, त्या क्षणाला अजून त्याचंच नाव देतात. ६५ वर्षं माणसाला वाट चुकवण्याचं शास्त्र घोटलेली ही इमारत आता मला बाण दाखवून म्हणत होती, सरळ जा आणि लवकर निघ. बाकांवर फुल्या. एक आजोबा फुलीच्या बाकाशेजारी काठीवर भार देऊन उभे होते, आणि बाक रिकामा होता.

असो. पँट.

दुकानात एकच मुलगा. मास्क, त्यावर फेसशील्ड, हातात मोजे. मी पिशवी पुढे केली तसा तो दोन पावलं मागे गेला आणि चिमट्यासारख्या बोटांनी तिचा कान धरून ती त्याने एका प्लास्टिकच्या टोपलीत सोडली. पिशवीवर चिठ्ठी लावली. चिठ्ठीवर तारीख आणि वेळ. मागच्या कपाटात अशा बऱ्याच पिशव्या ओळीने निजलेल्या होत्या.

"ही बहात्तर तास इथे राहील सर."

"का?"

"क्वारंटाइन."

"अरे, मी घातलीच नाही. म्हणजे गुडघ्याच्या वर नाही."

"तरी पण."

मी वाचून बसलेला माणूस. म्हटलं, बाळा, ते ७२ तास विषाणू प्रयोगशाळेतल्या प्लास्टिकवर टिकला त्याचे आहेत, २०२० मधले. पुठ्ठ्यावर तर २४ च होते. कापडावर तो प्रयोग केलेलाच नव्हता. आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने सांगून टाकलं की वस्तूला हात लागून लागण होण्याची शक्यता साधारण दहा हजारांत एकाहूनही कमी. रोग पसरतो हवेतून. आणि या तुझ्या दुकानाला खिडकी नाही. हवा कुठून येते?

त्याने छताच्या जाळीकडे बोट दाखवलं. "वरून."

"आणि हा बहात्तर तासांचा नियम?"

"तो पण वरूनच आलाय सर."

खरं सांगायचं तर कापडावर संशय घेण्याची परंपरा जुनी आहे. १३७७ मध्ये रगूसाने, म्हणजे आजच्या डुब्रोव्हनिकने, प्लेगच्या मुलखातून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर ठेवलं. मुदत पुढे चाळीसवर गेली आणि इटालियन चाळिसावरून 'क्वारंटाइन' हा शब्द आला. व्हेनिसच्या बेटावर लोकर आणि कापूस सोडून वाऱ्यावर ठेवत, कारण रोग धाग्यांत दडून बसतो अशी खात्री होती. म्हणजे माझ्या पँटच्या मागे साडेसहाशे वर्षांचा इतिहास उभा होता. माझ्या मागे बेल्टसुद्धा नव्हता.

"दुसरी दे मग. एक नंबर मोठी."

"किती सर?"

इथे मी अडलो. माप घ्यायचं तर त्याला मला हात लावायची मनाई. त्याने टेप टेबलावर ठेवला, त्यावर औषध फवारलं, आणि स्वतः सहा फुटांवरच्या गोलात जाऊन उभा राहिला. "तुम्हीच घ्या सर. शून्य बेंबीवर. नाही, थोडं खाली. मागून सरळ ठेवा."

मी टेप गुंडाळला आणि खाली बघितलं. काही दिसेना. मास्कमधून निघालेली वाफ चष्म्यावर बसलेली. चष्मा पुसायला हात हवा, हात टेपवर. टेप सोडला तर आकडा जातो. असा मी भर दुकानात स्वतःला गाठ मारून उभा होतो, तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"मी वाचू का?"

एकाआड एक फुली मारलेल्या खुर्च्यांपैकी बिनफुलीच्या खुर्चीत एक बाई बसल्या होत्या. साठीच्या. मांडीवर पर्स. त्या जागच्या उठल्या नाहीत, फक्त मान पुढे काढली, उंदीर बघणाऱ्या घारीसारखी.

"अडतीस असेल," मी म्हटलं.

"अहो, आधी श्वास सोडा."

"सोडलाय."

"नाही सोडलेला. माझं सगळं आयुष्य यांच्याबरोबर गेलंय, मला कळतं. दिवसभर काय असेच उभे राहणार आहात?"

मी श्वास सोडला. टेप माझ्या बोटांतून दोन इंच पुढे सरकला. मला तो सरकताना जाणवला. त्याची आठवण अजून बोटांत आहे.

"चाळीस," बाई म्हणाल्या.

"किती?" सहा फुटांवरून, मास्क आणि शील्डच्या आतून मुलगा. "चौतीस?"

"चाळीस!"

"चव्वेचाळीस?"

"चव्वेचाळीस नाही हो!" हा मी.

"चा-ळी-स! चारावर शून्य!" बाईंनी मास्क खाली ओढून सगळ्या दुकानाला सांगितलं. काउंटरवरची मुलगी दचकून म्हणाली, "कुणाचे चाळीस?" तिला वाटलं बिलात राहिले. शर्टांच्या रांगेतल्या एका जोडप्याने आधी बाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग नेमकं जिथे बघायचं तिथे. अंतर सगळ्यांनी व्यवस्थित पाळलेलं होतं. त्यामुळे सगळ्यांना मी पूर्ण दिसत होतो.

मुलगा आत गेला. बराच वेळ आला नाही. बाई मला धीर देत होत्या. "आमचे हे मागच्या वर्षी मार्चमध्ये छत्तीस होते. वाईट वाटून घेऊ नका." मी म्हटलं, नाही वाटत. त्या म्हणाल्या, "वाटतंय."

मुलगा आला. "सर, या रंगात चाळीसची एकच आहे. पण ती देता येणार नाही. कालच परत आलीय."

"म्हणजे?"

"ती पण क्वारंटाइनमध्ये आहे."

"अगंबाई, ती आमचीच!" बाई खुश झाल्या. "यांना बेचाळीस लागली. घ्या हो तुम्ही, छान आहे. दोनच मिनिटं घातली होती. आणि यांना काही नाही झालेलं, दोन्ही डोस झालेत."

मी कपाटाकडे बघितलं. वरच्या फळीवर चाळीस, खालच्या फळीवर माझी चौतीस. एकीची सुटका शुक्रवारी, दुसरीची शनिवारी. मला मिळाली एक पावती.

मी आवाज चढवला, हे कबूल करतो. दोन आठवड्यांत दोन फेऱ्या, पँट नाही, आणि कंबर जगजाहीर. मुलगा ऐकून घेत राहिला. शील्डच्या आत त्याचा घाम हनुवटीवरून ओघळत होता. म्हणाला, "सर, आधी आम्ही सहा जण होतो इथे. आता मी आणि काउंटरवरची मॅडम. स्टॉक पण मीच लावतो. शनिवारी या, मी बाजूला काढून ठेवतो." बाकीच्या चार जणांचं काय झालं हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. ज्यांनी वरून नियम पाठवला त्यांच्यापैकी कुणी त्या शील्डमध्ये दहा तास काढलेत का, हेही मनात आलं, पण ते विचारायला समोर तोच होता. मी पावती घडी करून खिशात टाकली. जुन्या पँटच्या. तिची बटणं कुठल्या अवस्थेत आहेत ते इथे सांगत नाही.

परत निघालो. टॉयलेट बंद. लिफ्टमध्ये चारच माणसं, चार कोपऱ्यांत तोंडं करून, शिक्षा झालेल्या पोरांसारखी. म्हणून सरकत्या जिन्याने निघालो. तिथेही तीन पायऱ्या सोडून उभं राहायचं. एक माणूस जिन्याच्या सरकत्या कठड्यावर फडकं धरून नुसता उभा होता, कठडा आपोआप पुसला जात होता. दिवसभरात मी बघितलेली एकमेव शहाणी व्यवस्था.

तीन पायऱ्या पुढे त्याच बाई. शेजारी, म्हणजे त्यांच्याही तीन पायऱ्या पुढे, एक पोक्त गृहस्थ, हातात नवी पिशवी. बाईंनी वळून मला बघितलं आणि खालपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात नवऱ्याला हाक मारली.

"अहो, हे बघा, हेच ते चाळीस!"

गृहस्थ वळले. मास्कवरून फक्त डोळे दिसत होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, कंबरेशी थोडे जास्त रेंगाळले, जिना संपता संपता थांबले, आणि पोरगी सासरी धाडताना बाप बोलतो तशा हळव्या आवाजात म्हणाले,

"मांडीत जरा घट्ट आहे ती. सांभाळून घ्या."